भरपाई, कूळकायदा आणि घटनादुरुस्त्या: भांडण हक्काचे होते की किमतीचे?

जुनी पेटी (प्रश्न)

नमस्कार. गावच्या घराची कौले उतरवताना माळ्यावर आजोबांची पत्र्याची पेटी सापडली. त्यात पिवळ्या पडलेल्या सातबाऱ्यांबरोबर शेतजमीन न्यायाधिकरणाने कूळकायद्याच्या कलम ३२-म खाली दिलेले खरेदीचे प्रमाणपत्र आहे. जमीन ३ एकर ८ गुंठे, आकार (म्हणजे सरकारी सारा) ४ रुपये ७५ पैसे, ठरलेली किंमत ९५० रुपये आणि प्रमाणपत्राचे साल १९७१. आजोबा ही जमीन आधी खंडाने करत असत, एवढे घरात सर्वांना माहीत होते. मालक कोण होते आणि जमीन आमची नेमकी कशी झाली, याबद्दल मात्र कुणी कधी मोकळेपणाने बोलले नाही.

मी राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. आम्हाला गोलकनाथ, बँक राष्ट्रीयीकरण, संस्थानिकांचे तनखे आणि केशवानंद भारती हे खटले 'संसद श्रेष्ठ की न्यायालय' या एकाच मथळ्याखाली शिकवले जातात. पेटीतला कागद हातात घेतल्यावर मला वाटू लागले की या सगळ्या वादाच्या मुळाशी तत्त्वापेक्षा एक साधा व्यवहारी प्रश्न होता: सरकारने एखाद्याची मालमत्ता घेतली, तर त्याला किती पैसे द्यायचे? असे म्हणणे बरोबर ठरेल का? दुसरे असे की कूळकायद्याने महाराष्ट्राचे राजकारण बदलले, की राजकारण आधीच बदललेले होते आणि कायद्याने त्यावर फक्त शिक्का मारला? आणि एक बारीक शंका. सगळीकडे कृषक दिन म्हणून १ एप्रिल १९५७ ही तारीख वाचायला मिळते, मग आमच्या प्रमाणपत्रावर १९७१ कसे?

निवृत्त अव्वल कारकून

शेवटची शंका माझ्या हद्दीतली आहे, तेवढीच घेतो.

मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा, परंतु कूळ आपोआप मालक होण्याची तरतूद त्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली. त्या दुरुस्तीप्रमाणे १ एप्रिल १९५७ रोजी जमीन कसणाऱ्या कुळाने ती विकत घेतली असे मानले गेले. 'मानले गेले' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्या दिवशी कुणाच्या हातातून कुणाच्या हातात पैसा गेलेला नव्हता. पुढे न्यायाधिकरणाने एकेका गटाची सुनावणी लावून ३२-ग खाली किंमत ठरवायची, कुळाने ती एकरकमी किंवा जास्तीत जास्त बारा वार्षिक हप्त्यांत भरायची आणि पूर्ण भरणा झाल्यावर ३२-म चे प्रमाणपत्र मिळायचे, असा क्रम होता. पेटीत ३२-ग चा आदेश असेल तर त्याची तारीख पाहा. १९६० च्या आगेमागे असेल, तर तुमच्या आजोबांनी बारा हप्ते पुरे केले एवढाच अर्थ निघतो. मालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल, तर ३२-फ मुळे कुळाचा खरेदीचा हक्कच पुढे ढकलला जात असे. ती प्रकरणे निराळी आणि फार किचकट. आमच्या कचेरीत वर्षानुवर्षे तुंबलेल्या गठ्ठ्यांत बहुतेक ३२-फ चेच असत.

किमतीबद्दल एक गोष्ट सांगतो. साध्या कुळासाठी कायद्याने आकाराच्या २० पटीपासून २०० पटीपर्यंत अशी मर्यादा घातली होती. विहीर, झाडे, बांधकाम यांची किंमत आणि खंडाची थकबाकी वेगळी. तुमच्या ४ रुपये ७५ पैशांना २०० ने गुणा, ९५० येतात. म्हणजे न्यायाधिकरणाने वरची मर्यादा लावली. हा आकार इंग्रजी अमदानीतल्या जमाबंदीत ठरलेला, त्यामुळे १९६० सालच्या जमिनीची किंमत कित्येक वर्षांपूर्वीच्या रुपयांत मोजली गेली. मालकाला हे फार थोडे वाटले आणि कुळाला वर्षाला ७९ रुपये जमवताना घाम फुटला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

वकिली चष्मा

मूळ प्रश्नाला माझे उत्तर बरेचसे होकारार्थी आहे, पण पुरते नाही.

घटना लागू झाली तेव्हा मालमत्तेचा हक्क दोन ठिकाणी होता. कलम १९(१)(च) मध्ये मालमत्ता मिळवण्याचे व बाळगण्याचे स्वातंत्र्य होते आणि कलम ३१ मध्ये सरकारने मालमत्ता घेतल्यास भरपाई देण्याची अट होती. या कलम ३१ ची जन्मकथा स्वतः डॉ. आंबेडकरांनी १९५५ मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीच्या वेळी राज्यसभेत सांगितली. त्यांचे म्हणणे असे होते की भरपाई किती द्यावी यावर नेहरू, पटेल आणि गोविंद वल्लभ पंत यांची मते तीन दिशांना होती, हे कलम म्हणजे त्यांच्यातली तडजोड आहे आणि त्याची जबाबदारी मसुदा समितीवर टाकू नये. घटनाकारांनाच ज्या आकड्यावर एकमत करता आले नाही, तो आकडा पुढची अठ्ठावीस वर्षे न्यायालयात आणि संसदेत आलटून पालटून येत राहिला, यात नवल नाही.

पहिली ठिणगी बिहारमध्ये पडली. तिथल्या जमीन सुधारणा कायद्यात लहान जमीनदाराला उत्पन्नाच्या वीस पट, तर सर्वांत मोठ्याला केवळ तीन पट भरपाई होती. पाटणा उच्च न्यायालयाने मार्च १९५१ मध्ये हा भेदभाव कलम १४ च्या विरुद्ध ठरवून कायदा रद्द केला. पहिली सार्वत्रिक निवडणूक अजून व्हायची होती आणि जमीनदारी नष्ट करण्याचे वचन तर काँग्रेसने कित्येक वर्षे दिलेले होते. तीन महिन्यांत, १८ जून १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववी अनुसूची जन्माला आली. या अनुसूचीत नाव घातलेला कायदा मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून रद्द करता येणार नाही, अशी ही तरतूद. तुमच्या पेटीशी तिचा संबंध थेट आहे. अनुसूचीत आरंभी तेरा कायदे होते. पहिला बिहारचा, दुसरा आपला १९४८ चा मुंबई कूळकायदा. खोती नष्ट करणारा आणि परगणे व कुलकर्णी वतने नष्ट करणारा हेही त्यातच. तेरापैकी सहा एकट्या मुंबई राज्याचे होते. या विषयात मुंबई राज्य दिल्लीच्या मागे नव्हते, पुढे होते. १९५६ च्या दुरुस्तीलाही आव्हान मिळाले, पण १९५८ मध्ये मेढी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जमीन सुधारणांच्या कायद्यांना संरक्षण देणाऱ्या कलम ३१-क चा आधार घेऊन ती वैध ठरवली. न्यायालय तेव्हा आडवे आले असते, तर आजोबांना ३२-म चा कागद बहुधा मिळाला नसता.

आता खरी मेख. १९५३ मध्ये बेला बॅनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की भरपाई म्हणजे गेलेल्या मालमत्तेचे योग्य मोल. संसदेने १९५५ मध्ये चौथी दुरुस्ती करून भरपाई पुरेशी आहे की नाही हा प्रश्न न्यायालयात नेता येणार नाही असे लिहिले. तरीही १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा रुस्तम कावसजी कूपर हे भागधारक न्यायालयात गेले, नानी पालखीवालांनी बाजू मांडली आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी अकरापैकी दहा न्यायमूर्तींनी कायदा रद्द केला. बँका घेण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने नाकारला नव्हता, हे पाठ्यपुस्तकांतून निसटते. आक्षेप दोन होते: या चौदा बँकांना वेगळी वागणूक देऊन पुन्हा बँकिंग करणे अशक्य केले होते, आणि मोल ठरवताना नावलौकिकासारख्या गोष्टी हिशेबातच धरल्या नव्हत्या. सरकारने चारच दिवसांत नवा वटहुकूम काढला आणि पुढच्या कायद्यात मोजणीची पद्धत देण्याऐवजी प्रत्येक बँकेपुढे थेट आकडा लिहून टाकला. एकूण ८७ कोटी ४० लाख रुपये. त्यांत सेंट्रल बँकेचे १७ कोटी ५० लाख, पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रचे २ कोटी ३० लाख.

यानंतर संसदेने जे केले, ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत बोलके वाटते. पंचविसाव्या दुरुस्तीने कलम ३१(२) मधून 'भरपाई' हा शब्द काढला आणि त्या जागी 'रक्कम' असा शब्द घातला. भरपाई म्हटली की ती कशाची तरी भरपाई असावी लागते आणि न्यायाधीश तराजू हाती घेतो. रक्कम कशाचीच भरपाई नसते, ती नुसती रक्कम असते. दोन दशकांचा वाद एका शब्दाच्या बदलात आला.

मग मी 'पुरते नाही' का म्हणतो? कारण प्रत्येक वेळी भांडण किमतीपासून सुरू झाले आणि अधिकारावर जाऊन पोहोचले. गोलकनाथ कुटुंब जालंधरचे, जमीन पाचशे एकरांच्या आसपास, वाद पंजाबच्या कमाल धारणेचा, म्हणजे कुणी जास्तीत जास्त किती जमीन ठेवावी याचा. पण २७ फेब्रुवारी १९६७ चा सहा विरुद्ध पाच असा निकाल म्हणतो की संसदेला कोणताच मूलभूत हक्क कमी करता येणार नाही. माजी संस्थानिकांना सरकारकडून मिळणाऱ्या तनख्यांचेही तसेच. वर्षाला पाच कोटींच्या आतला तो खर्च, पण तो बंद करणारे विधेयक राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ असे, म्हणजे दोन तृतीयांश बहुमताला एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडून पडले. सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेतली. न्यायालयाने १५ डिसेंबर १९७० ला तो आदेश रद्द केला आणि बाराच दिवसांत लोकसभा विसर्जित झाली. 'गरिबी हटाओ'ची १९७१ ची निवडणूक मुदतीआधी झाली, तिच्या कारणांत बँकांचा आणि तनख्यांचा हे दोन निकाल नक्कीच आहेत. पुढे २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी घटनेच्या पायाभूत चौकटीचा, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या गाभ्याचा, सिद्धांत मांडला. गंमत अशी की त्याच निकालानंतर मालमत्तेचा हक्क उघडा पडला, कारण निर्णायक मत देणाऱ्या न्या. खन्नांच्या लेखी तो त्या चौकटीत बसत नव्हता. लढाई ज्याच्यावरून सुरू झाली तो हक्क हरला आणि लढाईत तयार झालेले हत्यार न्यायालयाकडे राहिले. तो हक्क मूलभूत हक्कांतून काढला तो इंदिरा गांधींनी नव्हे, जनता सरकारने, चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने. २० जून १९७९ पासून तो कलम ३००-क मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला आहे.

जाता जाता महाराष्ट्राचा एक धागा. केशवानंद खटल्यात पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड अल्पमतातल्या सहांत होते. त्यांनीच पुढे सरन्यायाधीश म्हणून वामनराव खटल्यात १९८० साली २४ एप्रिल १९७३ ही तारीख सीमारेषा ठरवली. त्यानंतर नवव्या अनुसूचीत घातलेले कायदे पायाभूत चौकटीवर तपासले जातील असे सांगितले. तो खटला महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यातूनच उद्भवला होता.

साखरपट्टा

वकीलसाहेबांनी दिल्लीची बाजू उत्तम मांडली, परंतु राजकारण बदलण्याचा प्रश्न तसाच राहिला. मी अर्थशास्त्र शिकवतो आणि माझे मत असे की या कायद्याची शक्ती ९५० रुपयांत नव्हती, सातबाऱ्यावरच्या नावात होती.

१९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत, म्हणजे गोरवाला समितीच्या अहवालात, शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के निघाला. बाकी बहुतेक सावकार. कूळ असलेल्या माणसाला सोसायटीकडून कर्ज मिळणे अवघड, कारण तारण काय देणार? नाव लागले आणि तो तारण देऊ शकणारा सभासद झाला. आता कूळकायद्याचे कलम ४३ पाहा. या जमिनीची विक्री, बक्षीस, गहाण, अदलाबदल, सर्वांना २०१४ च्या दुरुस्तीआधी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागत असे. तुमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांत 'कूळकायदा कलम ४३ चे बंधनास पात्र' असा शेरा असणारच. पण जमिनीच्या सुधारणेसाठी सरकारकडे किंवा सहकारी संस्थेकडे गहाण ठेवायची असेल, तर मात्र तेव्हाही परवानगीची गरज नव्हती. हे पोटकलम दिसायला किरकोळ आहे. त्याचा परिणाम असा की नव्या मालकाला विहिरीसाठी पैसा हवा असेल तर सर्वांत सोपा दरवाजा सोसायटीचा. सोसायटीतून जिल्हा बँक, बँकेतून साखर कारखान्याचा भाग (शेअर), भागातून संचालक मंडळाची निवडणूक आणि तिथून विधानसभा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला १९५० च्या अखेरीस सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू केले, तेव्हा हा रस्ता एका तालुक्यापुरता होता. कृषक दिनानंतर तो अनेक तालुक्यांत खुला झाला.

म्हणून मी असे म्हणेन की कायद्याने नुसता शिक्का मारला नाही. तरी जमीन आधीच भुसभुशीत झालेली होती, हे नाकारू नये. खोती रद्द करण्याचे विधेयक आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात १९३७ मध्येच मांडले होते. नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड ठेवून संप केला होता. १९४८ मध्ये गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली आणि बरीच मालक कुटुंबे शहरांत गेली. कायदा आला तेव्हा अनेक गावांत मालक आधीच गावात नव्हता. आपल्या घरी मालकाचे नाव निघत नाही, त्यामागे कदाचित हाही एक भाग असेल. अर्थात ते आपल्यालाच ठाऊक.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी १९४८ च्या कायद्याच्या अंमलाची पाहणी केली, तेव्हा कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याची प्रकरणे मोठ्या संख्येने आढळली. महसुली भाषेत त्याला राजीनामा म्हणतात. त्यातली राजी कुणाची आणि खुशी कुणाची, हे निराळे सांगायला नको. ज्याच्या पाठीशी भाऊबंद आणि गावातले वजन होते ते कूळ टिकले. भूमिहीन मजुराला, आणि त्यात दलित बहुसंख्य, या कायद्याने काहीच दिले नाही, कारण तो कूळ नव्हताच. 'कसेल त्याची जमीन' या घोषणेत कसणारा म्हणजे खंड भरणारा, नांगर धरणारा नव्हे. साठनंतरच्या महाराष्ट्रात सत्ता कोणाकडे गेली आणि कोणाकडे गेली नाही, ते या व्याख्येवरून बरेच कळते.

बँकांबद्दल एक वाक्य. राष्ट्रीयीकरणाआधी व्यापारी बँकांच्या कर्जात शेतीचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, त्यामुळे जुलै १९६९ चा निर्णय गावात लोकप्रिय का झाला याचे कोडे पडत नाही, मग त्यामागे मोरारजींना अर्थखात्यातून दूर करण्याचे राजकारण कितीही असो.

गोदाकाठ

एक दुरुस्ती. वर सर्वांनी 'महाराष्ट्र' म्हणून जे लिहिले, ते जुन्या मुंबई राज्याचे आहे. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा कूळवहिवाट कायदा होता आणि तिथे मालकी ३८-ई खाली मिळाली. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कायदा आला. आमच्याकडे ३२-म म्हटले तर तलाठी तोंडाकडे पाहतो. गोव्यात तर १९६४ चा कूळकायदा असूनही कुळाला मालक करणारी पाचवी दुरुस्ती १९७६ मध्ये झाली, म्हणजे पंचविसाव्या घटनादुरुस्तीच्याही नंतर. साखरपट्ट्याचा सोसायटी ते विधानसभा हा रस्ता मराठवाड्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. सिंचन नव्हते तिथे नाव लागूनही ऊस लागला नाही.

जुनी पेटी

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठ यांची दुरुस्ती मान्य. आमचे गाव सातारा जिल्ह्यातले आहे.

पेटी पुन्हा उपसली. ३२-ग चा आदेश निघाला, १९६० चा. पहिला हप्ता त्याच वर्षीचा, म्हणजे बारावा १९७१ चा, हा हिशेब जुळतो. दिल्लीत 'भरपाई'च्या जागी 'रक्कम' घालण्याचे विधेयक चर्चेला आले त्या वर्षी आजोबा शेवटचे ७९ रुपये भरत होते, हे वाचून मला काही वेळ पुढचे लिहायला सुचले नाही. आईला विचारले तेव्हा तिने एवढेच सांगितले की हप्त्याच्या महिन्यात घरातली म्हैस विकायची की नाही यावर दरवर्षी बोलणे व्हायचे. मालकांच्या घरचे कुणी पुण्यात असल्याचेही ती म्हणाली, नाव सांगितले नाही.

एक अडचण उरली. सुतळीने बांधलेल्या चलनाच्या पावत्या मोजल्या तर अकराच भरतात. १९६६ ची नाही. यामुळे पुढे काही अडू शकेल का?

निवृत्त अव्वल कारकून

अडणार नाही. पूर्ण भरणा झाल्याची खात्री केल्याशिवाय न्यायाधिकरण ३२-म देत नसे, आणि कायद्याप्रमाणे ते प्रमाणपत्रच खरेदीचा निर्णायक पुरावा आहे. पावती हरवली तरी चालेल, प्रमाणपत्र मात्र जपा. त्याचा फेरफार झाला होता का, तेवढे तलाठ्याकडे जाऊन जुन्या नोंदवहीत पाहून घ्या. १९७१-७२ चे पान मागा. आणि कागद सुतळीत ठेवू नका, घडीवर फाटतात.